फाळक्यावरचा ओटा

रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात शहापूरजवळ मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला पहाटे उभं राहिलं, की एक चालतं स्वयंपाकघर पाहायला मिळतं. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या याच रस्त्याने कसाऱ्याचा घाट चढून पुढे घोटी-सिन्नरकडे जातात. माणसं रांगेने चालत असतात आणि त्यांच्या जेवणाचा टेंपो पुढे निघून एखाद्या आंब्याखाली उभा राहिलेला असतो. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडलेला. त्याच्यावर एक जण कांदा चिरतो आहे, दुसरा कोथिंबीर निवडतो आहे. फाळक्याची रुंदी असेल जेमतेम दीड हात, पण शे-दीडशे माणसांच्या जेवणाची सगळी चिराचीर तिथेच होते. काम आटोपलं की फाळका धुतात, वर उचलून कड्या लावतात, आणि मघाशी जिथे ओटा होता तिथे पुन्हा टेंपोची पाठ दिसू लागते.

अलीकडे या गोष्टीला फार प्रतिष्ठा आली आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आत पलंग, न्हाणीघर आणि छोटं स्वयंपाकघर असलेली गाडी घेऊन हिंडायचं, अशी ही कल्पना. त्या गाड्यांची चित्रं पाहताना लोक सर्वांत जास्त चकित होतात ते घडीच्या ओट्याने. भिंतीतून फळी बाहेर येते, शेगडीवर झाकण बसतं आणि त्याचंच टेबल होतं. चकित जरूर व्हावं. पण आमच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून चालती स्वयंपाकघरं दोन हजार वर्षं तरी ये-जा करत आली आहेत. त्यांनी थोड्या जागेत कसं भागवलं, आणि ती जागा थोडी का होती, हे सांगायला मी आज बसलो आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याशी हे दोन तालुके, आणि भिंतीत वर चढणाऱ्या वाटा. उत्तरेला कसाऱ्याचा थळ घाट, दक्षिणेला माळशेज आणि नाणेघाट. खाली कल्याणचं बंदर, वर जुन्नर आणि नाशिक. खालून मीठ, सुकी मासळी वर जायची आणि वरून धान्य खाली यायचं.

मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखऱ्यातून नाणेघाटाची पायवाट सुरू होते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला शिलालेख आहे. त्यात यज्ञांची नावं आहेत, दान दिलेल्या हजारो गायींची, हत्तींची, कार्षापणांची मोजदाद आहे. घाट चढून आलेला बैलवाला संध्याकाळी काय शिजवून खात होता, याबद्दल मात्र राणीसाहेबांनी एक अक्षर कोरलेलं नाही. तसं कोणी कोरतही नाही. पण लेण्याच्या आसपास कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, आणि त्या बरंच काही सांगतात. चालत्या स्वयंपाकघरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाणी. वाटेत पाणी असलं, की बैलावरचा तेवढा भार कमी होतो आणि तिथे आणखी थोडं मीठ बसतं. ज्याने त्या टाक्या खोदवल्या त्याने खरं तर हजारो वाटसरूंच्या स्वयंपाकघरातला अर्धा पसारा घाटमाथ्यावर कायमचा मांडून ठेवला.

बैलाच्या पाठीवरचं स्वयंपाकघर ही मोठी हिशेबाची बाब होती. पाठीच्या दोन्ही अंगांना गोणी लोंबतात आणि दोन्हींचं वजन सारखं लागतं. एका बाजूला तवा वाढला, तर दुसऱ्या बाजूला काहीतरी घालावं लागतं. शिवाय बैल निघाला आहे तो मालासाठी. बंजाऱ्यांच्या तांड्यात बायकामुलंही बरोबर असत, म्हणजे घरच चालत होतं. तरी घराच्या वाट्याला येणारी जागा माल भरून उरेल तेवढीच. स्वयंपाकघर लहान असायचं ते कोणाला साधेपणाची आवड होती म्हणून नव्हे.

इथे थोडं परदेशात जाऊन येऊ. अमेरिकेत टेक्ससमध्ये चार्ल्स गुडनाइट नावाचा एक गुरांचा व्यापारी होता. हजारो गुरं महिनोन्‌महिने हाकत न्यायची, तर गुराख्यांना जेवायला कोण घालणार? 1866 साली त्याने सैन्यातली एक जुनी भक्कम गाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला खणाखणांचं लाकडी कपाट बसवलं. पीठ, घेवडा, कॉफी, भांडी, औषधं, प्रत्येकाला वेगळा खण. कपाटाचं दार वरून खाली उघडायचं, त्याला एक घडीचा पाय, आणि तो टेकवला की दाराचा ओटा. गाडीच्या अंगाला पाण्याचं पिंप, आणि गाडीखाली कातड्याची झोळी टांगलेली. तिच्यात वाटेत मिळेल ते सरपण टाकत जायचं. झाडं नसलेल्या माळावर गुरांचं वाळलेलं शेणही त्यात पडे. म्हणजे आपल्या गोवऱ्याच! आजच्या फिरत्या घरांच्या स्वयंपाकघराचा मूळपुरुष म्हणून या गाडीकडे बोट दाखवतात. गुडनाइटचं नाव आमच्या टेंपोवाल्याच्या कानावर आलेलं असण्याचं कारण नाही. पण फाळका त्यालाही सुचला.

पण आपल्याकडच्या चालत्या घरांना असा ओटा मुळात लागलाच नाही, आणि ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपला स्वयंपाक बसून होत असे. उभ्याचा ओटा आपल्या घरांत आला तो शहरातल्या फ्लॅटबरोबर आणि गॅसबरोबर. त्याआधी जमीन हाच ओटा. जमिनीवरही जागा लागू नये, अशी अवजारं आपल्या बायकांच्या हाताशी होती. विळी घ्या. सुरीला खाली पाट लागतो, विळीला लागत नाही. पायाने दाबून धरायची, चिरलेलं थेट खालच्या ताटात पडतं. प्रवासाला न्यायची घडीची विळीही असे. परात घ्या. पीठ तिच्यातच मळायचं, भाकरी तिच्यातच थापायची, वेळ आली तर जेवायलाही तीच. सूप घ्या. तांदूळ पाखडायला, निवडायला ते मांडीवर बसतं, म्हणजे ते टेबलच झालं. मांडी हीसुद्धा जागाच आहे, हे आपण विसरलो. चुलीला मागे वैल असते, तिच्यावर पुढच्याच जाळावर दुसरं भांडं रटरटत राहतं. एक जाळ आणि दोन शेगड्या.

जर्मनीत फ्रँकफर्टला 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारवस्तीतल्या घरांसाठी सुमारे साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. कपाटापासून शेगडीपर्यंत बाई किती पावलं चालते, हे मोजून त्यांनी सगळं जवळ आणलं. नमुना म्हणून त्यांनी पाहिलं होतं आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर. म्हणजे स्थिर घराने चालत्या घराकडून धडा घेतला. आजच्या मॉड्युलर किचनचा वंश तिथूनच मोजतात. आमच्याकडची चुलीपुढे बसलेली बाई एकही पाऊल न टाकता, हात पोचेल तेवढ्या वर्तुळात भाकरी-कालवण उरकत होती. तिची सगळी पावलं खर्च होत ती पाण्यावर. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या वाटांवरचं आजही चालू असलेलं सगळ्यात जाणतं स्वयंपाकघर आहे ते धनगरांचं. दिवाळी झाली, भाताची कापणी उरकली, की नगर, पुणे, नाशिककडचे मेंढपाळ घाट उतरून आमच्याकडे येतात. पाऊस तोंडावर आला की पुन्हा वर चढतात. त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. नाव वाडा, पण भिंत एकही नाही! घोड्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड. पाल, वाघरा म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, अंथरूण, भांडी, त्यावर एखादी कोंबडी, कुत्र्याची पिल्लं आणि नुकतं व्यालेलं कोकरू. माणसाचं लहान पोरही त्यावरच. बायका घोडी घेऊन पुढे जातात, बापये मेंढरांमागून येतात. मेंढरं पोचेपर्यंत चूल पेटलेली असते.

एकदा मी सरळगावच्या पुढे एका शेताच्या बांधावर बसून घोडं उतरवणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. भांडी एकात एक बसवलेली. सगळ्यांत मोठ्या टोपात लहान टोप, त्यात डेचकी, डेचकीत तांब्या आणि तांब्यात मिठाची पुरचुंडी. रिकामी जागा कुठेही नाही. पोकळ भांडं रिकामं नेणं म्हणजे वारा वाहून नेणं, आणि घोड्याला वारासुद्धा जागा अडवतो. तवा कडेला, कारण तो चपटा. आधी लागणारं वर, नंतर लागणारं खाली. त्यामुळे पाल उभं राहायच्या आधी तवा हाती आला. तीन दगड तिथलेच, वाऱ्याकडे पाठ करून मांडलेले. घोड्याच्या पाठीवरून पहिली वस्तू खाली येऊन भाकरी तव्यावर पडेपर्यंत मला एक विडीसुद्धा नीट ओढून झाली नाही. (तेव्हा मी ओढत असे.)

या घरातलं कोठार घोड्यावर नव्हतं. ते शेतात होतं. धनगर शेतकऱ्याच्या शेतात रात्री मेंढरं बसवतो. त्यांच्या लेंड्या-मुताचं खत शेताला मिळतं आणि त्या बदल्यात त्याला धान्य किंवा पैसे मिळतात. आजचा मुक्काम उद्याची भाकरी देतो. जातं वाहायचं कारण गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांनी संपवलं. दूध स्वतःचं स्वतः चालत येतं. म्हणजे स्वयंपाकघर लहान ठेवता आलं, कारण वाटेवरची गावं, त्यांची शेतं, गिरण्या, विहिरी हा सगळा त्याचाच भाग होता. अलीकडे भाताची शेतं जाऊन गोदामं आणि फार्महाउसची कुंपणं आली. जिथे मेंढरं बसवता येत नाहीत तिथे धनगराची कणगीच बंद होते, मग टोप कितीही हुशारीने भरा.

म्हशाच्या जत्रेतही ही कला पाहायला मिळते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा इथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं. पूर्वी लोक गाड्या जुंपून यायचे आणि चार-चार दिवस राहायचे. बैल सोडले, जोखडाखाली टेकू दिला की गाडीचं घर व्हायचं. वर झोपायचं, खाली सामान, आसाला कंदील टांगलेला आणि दोन गाड्यांच्या मधल्या गल्लीत चूल. शेजारच्या गाडीतली पाटी वापरायला काही वाटत नसे. आता ट्रक आणि टेंपो येतात, पण ती मधली गल्ली अजून दिसते.

आता ज्या स्वयंपाकघरासाठी हे सगळं सांगत आलो तिकडे वळतो.

मी या भागात शाळामास्तर होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की वर्गातली काही नावं हजेरीत नुसती वाचायची असत. कातकरी वाडीतली मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असत, भिवंडीकडे, कल्याणकडे, वसईकडे. कातकरी हे नाव आलं कातावरून. खैराच्या लाकडाचा काढा आटवून कात करायचा, हा त्यांचा जुना धंदा. त्यासाठी हंगामभर जंगलात मुक्काम असे, म्हणजे फिरती चूल त्यांना नवी नव्हती. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगल सरकारचं झालं आणि खैर हाताबाहेर गेला. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. चूल फिरतीच राहिली. फक्त ती कुठे आणि किती दिवस पेटायची हे दुसरं कोणी ठरवू लागलं.

भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विटा नुसत्या एकावर एक रचायच्या, मध्ये चुना-सिमेंट काही नाही, वर पेंढा किंवा ताडपत्री. आत सरळ उभं राहता येत नाही. त्यात नवरा-बायको, मुलं, अंथरूण आणि स्वयंपाकघर. माझ्या वर्गातल्या एका मुलाला शोधत मी पहिल्यांदा भोंग्यात वाकून शिरलो, तेव्हा आधी नजर गेली ती त्या बाईने केलेल्या सोयीकडे. भिंत रचताना तिने मध्ये मध्ये एकेक वीट गाळली होती. तेवढेच कोनाडे. एकात मिठाची बरणी, एकात तेलाची बाटली, एकात काडेपेटी आणि देव. तीन विटांची चूल. चार विटांवर फळी, फळीवर हंडा. आढ्याला शिंकं, त्यात सुकटीची पिशवी, मांजर-उंदरांच्या उडीपलीकडे. दारापुढे शेणाने सारवलेला हातभर चौकोन. भाकरी तिथे बसून थापायची, कारण आत धूर. घरात एकही वस्तू अशी नव्हती जी दोन कामं करत नाही. कोणा शहरी आर्किटेक्टने हे केलं असतं तर त्याचे फोटो छापून आले असते.

मी तसं बोलूनही दाखवलं. बाई हसली. आज ते आठवलं की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

कारण त्या स्वयंपाकघराचं माप तिने ठरवलेलं नव्हतं. ते उचलीने ठरवलं होतं. पावसाळ्याच्या शेवटी घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची, आणि दिवाळीनंतर ती फेडायला विटा पाडायला जायचं. हंगामभर हातात पडते ती आठवड्याची खर्ची, बाजाराच्या दिवशी. हजारी विटांचा खरा हिशेब शेवटी होतो, आणि त्यातून उचल आणि खर्ची वजा होते. म्हणजे खरेदी सात दिवसांचीच. तेल छोट्या बाटलीत, डाळ पुडीत, कांदे मोजून. थोडं-थोडं घेतलेलं नेहमीच महाग पडतं, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. धनगराच्या टोपात जागा नव्हती, म्हणून तो रोजचं रोज मिळवत होता. इथे फळीवर जागा होती, पण ती भरायला पैसा नव्हता. दोन्ही स्वयंपाकघरं बाहेरून सारखीच आटोपशीर दिसतात.

वेठबिगारी कायद्याने 1976 साली रद्द झाली. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित आणि त्यांच्या श्रमजीवी संघटनेने 1982 पासून कामाच्या बदल्यात फिटणाऱ्या या कर्जाविरुद्ध लढे दिले. त्यांच्याच विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांचं नावच भोंगाशाळा. पण रेशनचा प्रश्न वेगळा होता. कार्ड वाडीच्या दुकानाचं आणि माणसं भट्टीवर. अंत्योदयच्या कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. हंगामाचे सहा-सात महिने ते गावात, आणि खाणारी तोंडं पन्नास किलोमीटरवर. कार्ड कुठेही चालावं अशी सोय ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांत सुरू झाली, जून 2022 पर्यंत ती देशभर पोचली. हे मोठं काम झालं, यात शंका नाही. मात्र दुकान भट्टीपासून किती लांब, त्या दिवशीची मजुरी बुडवून कोण जाणार, आणि 35 किलो धान्य त्या विटांच्या भिंतीआड ओल आणि उंदरांपासून ठेवायचं कुठे, हे प्रश्न शेवटी बाईकडेच येतात.

आणि पाणी. तानसा धरण 1892 सालचं. ते शहापूर तालुक्यातलं, भातसाही इथलंच. मुंबईच्या ओट्यावरच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात याच तालुक्यातून जातं. आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. टँकर आला की घरातलं असेल नसेल ते भांडं भरून ठेवावं लागतं. हंडे, कळश्या, टोप, बादल्या, डबेसुद्धा. मग त्या घरात स्वयंपाकाला जागा उरत नाही आणि कधी कधी भांडंही उरत नाही. नाणेघाटातल्या टाक्यांनी बैलाच्या पाठीवरचा जो भार उतरवला होता, तो इथे बायकांच्या डोक्यावर आणि घरातल्या जमिनीवर परत आलेला दिसतो.

त्या बाईला मी निघताना विचारलं होतं, ‘‘ताई, आणखी काय असतं तर बरं झालं असतं?’’ मला वाटलं, मोठी खोली म्हणेल, निदान पत्रा म्हणेल. तिने थोडा विचार केला. ‘‘झाकणाचा डबा, गुरुजी. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. म्हणजे तांदूळ एकदम पंधरा दिवसांचे घेतले तरी राहतील.’’

पुढच्या फेरीला मी मुरबाडच्या बाजारातून तसा डबा नेला. तिने तो उंबऱ्याशी ठेवून घेतला, झाकण दोनदा लावून-काढून पाहिलं. महिनाभराने पुन्हा गेलो तेव्हा डबा कोनाड्याखाली होता आणि त्यात मुलांचे कपडे होते. खर्ची अजून सात दिवसांचीच मिळत होती.